आपण दोघी

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कन्येकडे ल्युब्लियाना येथे गेलो होतो. स्लोव्हेनियाची ही राजधानी ल्युब्लियानिका नदीच्या काठी वसली आहे. नदीवरील जुन्या पुलाच्या दोन्ही अंगांना प्लेच्निक या वास्तुशिल्पकाराने पादचाऱ्यांसाठी आणखी दोन पूल जोडले. १९३२ साली ते काम पुरे झाले. पुलापासून चार पावलांवर भाजीबाजार आहे.

कन्येच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या. वरच्या मजल्यावर एक किर्गिझ विद्यार्थी राहत असे. आमच्या मुक्कामातच त्याची आई नारिनकडील डोंगराळ गावाहून आली. किर्गिझखेरीज अन्य भाषा तिला जेमतेमच येई. स्लोव्हेनिया आणि किर्गिझस्तान ही दोन्ही राष्ट्रे १९९१ साली स्वतंत्र झाली. परंतु एक आल्प्सच्या कुशीतले, दुसरे तिएनशानच्या. भाषांचे कूळही निराळे.

एके सकाळी बाई जिन्यात येऊन म्हणाल्या, "मिद्वे ग्रेवा ना त्र्झ्नित्सो." कन्येने ते विद्यार्थ्यास इंग्रजीत सांगितले आणि त्याने आईला किर्गिझमध्ये, "बिझ बाझारगा बाराबिझ." परक्या मुलखात 'बाजार' हा शब्द ऐकून आम्हांस घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

अर्धा तास लोटला. बाई पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या आणि माउली वर मुलाचे आवरण्याची वाट पाहत बसलेली! तो तर पुस्तकात डोके खुपसून होता. पाहुणीला आपली सोबत नको, असे समजून बाई मुकाट्याने एकट्याच निघून गेल्या. सायंकाळी जिन्यात गाठ पडली, तेव्हा त्यांनी मान फिरविली.

चूक कोठे झाली? 'मिद्वे' म्हणजे 'आपण दोघी'. स्लोव्हेनियन भाषेने द्विवचन आजही सांभाळले आहे. 'ग्रेवा' हे क्रियापदसुद्धा दोघींचेच. इंग्रजीत त्याचे नुसते 'वुई' झाले; दोन ही संख्या गेली आणि स्त्रीलिंगही गेले. किर्गिझ 'बिझ' दोघांनाही चालते, दहांनाही. म्हणून माउलीला वाटले, सारेच निघाले आहेत. किर्गिझ भाषा दरिद्री आहे, असे मात्र मुळीच नव्हे. तिच्यात 'एकी' म्हणजे दोन आणि 'एकोबुझ' म्हणजे आपण दोघे किंवा दोघी. मागितला असता तर शब्द तयार होता.

कन्येला आम्ही विचारले. ती ओशाळून म्हणाली, "बाबा, मनात 'आपण दोघी' असंच उमटलं होतं. इंग्रजीत सांगताना 'दोघी' गळून गेलं."

तिला काय बोलणार? वर्गात तीस वर्षे संस्कृत शिकविताना, द्विवचन मराठीने केव्हाच टाकून दिले, तुम्हीही ते परीक्षेपुरतेच ठेवा, असे आम्हीच मुलांना सांगत आलो. 'दोघे' आणि 'दोघी' या शब्दांत मराठीने त्याची आठवण जपली आहे, हे आमच्याही ध्यानी आले नव्हते. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांतून शब्द असेच, कोणाला न कळत गळत असतील काय, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कन्येने बाईंची समजूत घातली. विद्यार्थ्याने जिन्यात उभे राहून आईला म्हटले, "एकोबुझ." माउलीने हसून बाईंच्या हातची पिशवी स्वतःकडे घेतली. दोघी पुलाच्या दिशेने चालू लागल्या.

किर्गिझमध्ये 'एकी' म्हणजे दोन. मराठीत एकी म्हणजे काय, हे वाचकांना सांगणे नलगे.