बाबांची पद्मिनी आणि कणकुंबीची वाट

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन थकलं, तेव्हा ती भंगारात न देता आम्ही दुसऱ्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स बसवून घेतलं. क्लचही तेलाच्या दाबावर चालणारा केला. पहिली फेरी आईसाठी : बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबी. सुमारे ८०० मीटर उंचीवरचा मलप्रभेचा उगम आणि माउलीचं दर्शन.

जांबोटीतच गिअर करकरू लागला. पहिला तर पडेचना.

"तुझ्या बाबांच्या हातात असं कधी झालं नाही," आई म्हणाली. मला ते लागलं.

क्लच भराभर तीन-चारदा दाबला की मात्र गिअर पडे. गॅरेजातल्या मिस्त्रींनी एवढ्यावरूनच ओळखलं. "पायपदाग गाळी ऐतरी!"

तेल दबत नाही, हवा दबते; म्हणून पायाचा जोर क्लचपर्यंत पुरता पोचत नाही. नव्या नळीची कमान उंच राहिली होती, हवा तिथंच अडकलेली. त्यांनी नळी खाली बांधली. मग मी क्लच दाबून धरायचा, त्यांनी निपल सैल करायचं, बुडबुडे निघाले की आवळायचं, त्यानंतरच मी पाय उचलायचा. डबीतलं तेल मात्र संपू द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा हवा शिरते.

बुडबुडे थांबले. पहिला अलगद पडला.

कणकुंबीला आईनं उगमाचं पाणी ओंजळीत आणून बॉनेटवर शिंपडलं. म्हणाली, "इंजिन कुणाचं का असेना, गाडी ह्यांचीच."