कडू तो कुडा

इ.स. १५५५ मध्ये व्हेनिसला अलेस्सिओ पिएमोंतेसे या नावाने औषधी 'रहस्यां'चे एक इटालियन पुस्तक निघाले. तीनच वर्षांत विल्यम वॉर्डने ते फ्रेंचवरून इंग्रजीत आणले. पुढे १६४७ मध्ये विल्यम लिलीने फलज्योतिषावरचा मोठा ग्रंथ लॅटिन सोडून इंग्रजीतच लिहिला. १६४९ मध्ये निकोलस कल्पेपरने लंडनच्या वैद्यमंडळाच्या लॅटिन औषधसंहितेचा इंग्रजी अनुवाद छापला, तेव्हा मंडळ संतापले. विद्या लोकांच्या भाषेत आली की तिची कुलुपे निघतात, असा या साऱ्यांचा विश्वास होता.

आपल्याकडेही ही वाट जुनी आहे. ११ व्या शतकातील श्रीपतीच्या 'ज्योतिषरत्नमाले'वरची मराठी टीका त्याचीच मानली जाते. १८४१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले आणि जोशीबुवांच्या तोंडची तिथी घरोघर खुंटीला लागली. त्याच शतकाच्या अखेरीस गणेश कृष्ण गर्दे यांचे 'सार्थ वाग्भट' आले.

आरे-वारे येथील आमच्या आजोळी या शेवटच्या ग्रंथाची एक जीर्ण प्रत आहे. ती चाळताना मात्र कुलूप खरोखर निघाले का, असा प्रश्न पडतो. अतिसारावर कुटज सांगितला आहे. कुटज म्हणजे कुडा, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु कुडे दोन: पांढरा आणि काळा. दोघांनाही पांढरी फुले, दोघांनाही लांब शेंगांची जोडी. एकाचे बी कडू इंद्रजव, दुसऱ्याचे गोडे. औषधाला हवा तो पहिला. नुसता अर्थ वाचून सड्यावर गेलेला माणूस चुकीच्या झाडाची साल घेऊन सहज परतला असता.

आजीने त्या पानाच्या समासात लिहून ठेवले आहे: 'कोवळ्या शेंगा टोकाशी जुळलेल्या तो नव्हे. दाणा चाखावा. कडू तो.' खाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ आहे. वनस्पती पुष्य नक्षत्रावर काढावी, असा जुना संकेत. त्याला उद्देशून ती लिहिते: 'पुष्य मिळेलच असे नाही. पोर थांबत नाही.' डॉक्टर रत्नागिरीला आणि मध्ये पावसाळा, अशा दिवसांतले हे वाक्य आहे. पंचांग आणि वैद्यक या दोन्ही शास्त्रांचा तिने तेवढ्या एका ओळीत निवाडा केला.

आज अतिसारावर कोणी कुड्यावर विसंबावे, असे आमचे म्हणणे नाही. त्याला मीठ-साखरेचे पाणी आहे, डॉक्टर आहे. आमची खंत वेगळी. संस्कृतातून मराठीत येण्याचे काम पंडितांनी केले, ते छापले गेले, जपले गेले. मराठीतून झाडापर्यंत जाण्याचे काम आजीसारख्यांनी केले. ते समासात राहिले, आणि बरेचसे तर समासातही आले नाही.

गेल्या माघात आम्ही ते पान घेऊन सड्यावर गेलो. घरातल्या कोणालाही दोन कुड्यांतला भेद सांगता येईना. शेवटी गुरे राखणाऱ्या एका वृद्धेने सुकी शेंग फोडून दाणा आमच्या तळहातावर ठेवला. 'खावन् बघा,' एवढेच ती म्हणाली. त्याची कडवट चव संध्याकाळपर्यंत जिभेवर होती.