उद्या पाळी कोणाची?

तिसगावच्या आमच्या घरातून एका वेळी सहा-सात पोरं तरी शाळेला निघायची. सख्खी, चुलत, आणि वाडीवर चौथीपुढं शाळा नाही म्हणून आमच्याकडे येऊन राहिलेला एखादा आतेभाऊ. थोरलीनं दप्तर टांगून ठेवेपर्यंत धाकट्याची पाटी आलेली असे. त्यामुळे ऐंशी सालापासून नव्वदीच्या अखेरीपर्यंत आमच्या ओसरीवर दिवेलागणीनंतर एकच प्रश्न निघायचा : उद्या परिपाठाला पाळी कोणाची?

आता आम्ही पांगलो आहोत. कोणी नगरला, कोणी पुण्यात, एक अमेरिकेत, दोघं शेती बघतात. दिवाळीला जमलो की बोलणं शाळेवर येतं आणि परिपाठावर येऊन अडकतं. सोडवलेलं एकही गणित कोणाला आठवत नाही. पण बोधकथा सांगताना कोल्ह्याला द्राक्षांऐवजी बोरं कोणी खायला घातली, प्रश्नमंजुषेत उत्तर विसरून प्रश्नच दोनदा कोणी विचारला, याची नोंद प्रत्येकाकडे आहे. दुसऱ्याची. स्वतःची मात्र सगळे सोयीनं विसरले आहेत.

ज्यांची मुलं इंग्रजी माध्यमात गेली त्यांच्यासाठी सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठ म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. रुळाच्या तुकड्यावर घंटेचे टोले पडले की पटांगणात रांगा लागत. ‘सावधान, विश्राम’ होई. मग राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, पाच प्रश्न, समूहगीत, कधी पसायदान, आणि शेवटी दोन मिनिटं मौन. वीसेक मिनिटांचा मामला. राष्ट्रगीत सोडलं तर सगळं मराठीत, पण हुकूम हिंदीत : ‘एक साथ राष्ट्रगीत शुरू कर!’ हा हुकूम देणाऱ्या पोराचा आवाज एरवी कितीही किनरा असला तरी त्या क्षणी फौजदाराचा होई. आमच्या मुसलमान मित्रांना याचं फार हसू यायचं. घरात हिंदी बोलणारे ते, पण असली हिंदी त्यांच्या घरात कोणी बोलत नसे.

साने गुरुजींची प्रार्थना तर आम्हाला अर्थ कळायच्या आधी पाठ झाली. पसायदान त्याहून कठीण. पण आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात, एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली पसायदान मागून ज्ञानेश्वरी पुरी केली, ही गोष्ट गुरुजींनी सांगितल्यावर ते आपल्या शेजारच्या तालुक्याचं वाटायला लागलं. मधल्या भावानं त्या दिवशी घरी येऊन विचारलं होतं, तिथं यष्टीनं जाता येतं का.

प्रतिज्ञेचा किस्सा मात्र आम्हाला फार उशिरा कळला. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला प्रतिज्ञा असे, लिहिणाऱ्याचं नाव नसे. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या मूळच्या नलगोंडा जिल्ह्यातल्या कोषागार अधिकाऱ्यानं 1962 साली तेलुगूत लिहिली, तेव्हा त्यांची नेमणूक विशाखापट्टणमला होती. पुढं ती देशातल्या सगळ्या भाषांत गेली. आता तिसगावातून जाणारा हमरस्ता कोणता? कल्याण-विशाखापट्टणम. ज्या रस्त्यावरचे आंध्राचे ट्रक करंजीचा घाट ओलांडून रोज आमच्या गावातून धडधडत जात, त्याच रस्त्याच्या नावातल्या दुसऱ्या टोकाला ती ओळ लिहिली गेली होती, आणि आम्ही हात पुढे करून ती रोज म्हणत होतो. हे सांगितल्यावर घरात एकच जण गप्प होता, तो आमचा थोरला चुलतभाऊ. शेवटी म्हणाला, “म्हंजे प्रतिज्ञा ट्रकनं आली म्हण की!”

खरी धांदल आदल्या संध्याकाळची. ज्याची पाळी, त्याच्यासाठी अख्खं घर कामाला लागे. दिनविशेष कालनिर्णयातून. भिंतीवरून उतरवायचा नाही, खिळा निघतो, म्हणून चुलते त्याला उचलून धरत आणि तो तिथंच वाचून पाटीवर लिहून घेई. बातम्या आकाशवाणीच्या. पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की चुलीपुढची भांडीसुद्धा हळू वाजत. पेपर सकाळच्या यष्टीनं यायचा, पण तो आधी पारावर, मग किराणा दुकानात, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यात कोणाचं तरी शेव-चिवड्याचं माप गेलेलं असे. शनिवारी गंमत व्हायची. सकाळची शाळा साडेसातची. ज्याची शनिवारी पाळी, तो बातम्या संपता संपता पळत सुटे आणि रस्ताभर मुख्यमंत्र्यांचं भाषण पुटपुटत जाई.

सुविचार आजीच्या खात्यात. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणी मात्र पोत्यानं होत्या. एकदा तिनं थोरल्या ताईला ‘नाचता येईना अंगण वाकडं’ दिलं. ताईनं ते फळ्यावर तारखेखाली लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. गुरुजी म्हणाले, ही म्हण झाली, सुविचार नव्हे. घरी आल्यावर आजी फणकारली, “म्हणीत इचार नसतो व्हय? इच्यार त्यांला!” ताईनं अर्थातच विचारलं नाही. पण आजीनं म्हणी देणं थांबवलं नाही, आणि गुरुजींनीही पुढं कधी त्यावर बोट ठेवलं नाही. आमच्या रांगेत मग बरीच पोरं आजीच्या म्हणी घेऊन येऊ लागली. शाळेत घर शिरलं ते या वाटेनं. पालकसभेला घरातलं कोणी फिरकत नसे. परिपाठात मात्र आजी रोज हजर असे.

पण आमच्या सगळ्यांच्या आठवणीत घट्ट बसली आहे ती पाळीची वही. हजेरीपटाच्या क्रमानं नावं, एकही गाळायचं नाही. हुशार पोरीलाच रोज पुढं काढणं गुरुजींना सोपं होतं, पाहुणे आले की तसं होईही. एरवी नाही. तोतरा असो, घाबरट असो, शेवटच्या बाकावरचा असो, नंबर आला की बाहेर यायचं आणि अख्ख्या शाळेकडे तोंड करून उभं राहायचं. एक मुलगा कित्येक पाळ्या नुसता उभा राहून गेला. रांगा थांबून राहत, मग गुरुजी ‘बस’ म्हणत. एके दिवशी त्यानं सुविचार सांगितला. कोणता, यावर आमच्यात आजही दोन मतं आहेत. पण त्याचा आवाज घोगरा निघाला, यावर एकमत आहे. वर्षभर ज्याच्या शेजारी बसलो त्याचा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता.

आमचा पाथर्डी तालुका म्हणजे ऊसतोडीचा तालुका. दसरा सरला की मुकादमांच्या फेऱ्या, उचलीचे हिशेब, आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरून टोळ्या निघत. शाळा उघडली की रांगांचे मध्ये मध्ये दात पडल्यासारखं दिसे. काही पोरं आजी-आजोबांपाशी राहत, बाकीची आईबापाबरोबर फडावर, धाकट्या भावंडाला सांभाळायला. वहीतला क्रम चालूच असे. नाव पुकारलं जाई आणि रांगेतून उत्तर येई, “तोडीला गेलाय, गुरुजी.” गुरुजी पुढचं नाव घेत. आम्हाला तेव्हा वाटे, पाळी नेमानं कळायला हवी म्हणून ते असं करतात. पण होळीनंतर मढीला कानिफनाथांची यात्रा भरे, अर्धा वर्ग रेवड्या आणि गाढवांचा बाजार बघायला पळे, तेव्हा गैरहजर पोरांची पाळी सरळ बुडे. विचारपूस नाही, काही नाही. तोडीला गेलेल्यांची बुडत नसे. हंगाम संपून कारखान्यांचा पट्टा पडला, टोळ्या परतल्या, उन्हानं रापलेली ती पोरं पुन्हा रांगेत आली की दुसऱ्याच दिवशी पहिला पुकारा त्यांचा. ती पोरं जी बातमी सांगत ती आकाशवाणीची नसे. कारखान्याचा भोंगा, पहाटेची थंडी, पाचटाची खोपी, रात्री भरलेली गाडी. बाकी जग आम्ही रेडिओवरून ऐकत होतो. हे थेट येत होतं.

किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993, तेव्हा आमच्या घरातली कोणी एक बातम्या सांगत होती. ती पुढचे प्रश्न विचारायलाच विसरली आणि कोणी आठवणही करून दिली नाही. मौन त्या दिवशी दोन मिनिटांत आटोपलं नाही. पुढच्या आठवड्यात पोरांनी घरून ओंजळ ओंजळ ज्वारी आणली.

अमेरिकेतल्या भावाची मुलगी आता तिसरीत आहे. तिच्या वर्गात रोज सकाळी ‘मॉर्निंग मीटिंग’ असते. मुलं गोल बसतात, एकमेकांना नाव घेऊन अभिवादन करतात, कोणी घरची एक गोष्ट सांगतं, मग एखादा खेळ, आणि बाईंनी फळ्यावर लिहिलेला निरोप. तिकडे 1981 पासून ‘रिस्पॉन्सिव्ह क्लासरूम’ नावाची मंडळी हे शास्त्रशुद्ध शिकवतात म्हणे. भावाला कौतुक. आम्हालाही आहे, एका गोष्टीचं तर हेवा वाटावा इतकं : गोलात मागची रांग नसते. आमच्याकडे उंचीप्रमाणे उभं करत आणि उंच पोरं जन्मभर मागे. पण त्यांच्या गोलात एक वर्ग बसतो, आमच्या पटांगणात पहिलीच्या पोराचं बोबडं बोलणं सातवीच्या दांडगटांना ऐकून घ्यावं लागे. ते आम्हाला कमी वाटत नाही.

इकडे परिपाठ दरसाल जाडा होत चालला आहे. संविधानाच्या प्रास्ताविकेचं वाचन 2013 च्या परिपत्रकानं आलं, 2020 च्या प्रजासत्ताक दिनापासून पुन्हा बजावलं गेलं. 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत. दोन्ही चांगलंच आहे, प्रास्ताविका तर आम्हाला लहानपणी मिळायला हवी होती. पण एकसाथ म्हणायचं वाढत गेलं की एकेकट्यानं बोलायचं तेच आधी कापलं जातं.

हे आमचं मत नाही, धाकट्या बहिणीचं आहे. ती शेजारच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि पाळीची वही तिनं ठेवली आहे. गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरकडे तोडीला गेलेल्या एका पोराचा नंबर आला, तेव्हा तिनं त्याच्या बापाच्या मोबाइलवर फोन लावला आणि माइकपाशी धरला. पोरगं म्हणालं, “आजची बातमी. आमच्या टोळीचा ट्रॅक्टर काल चिखलात रुतला व्हता. आता निघाला.” रांगेतून लगेच प्रश्न सुरू झाले : किती जणांनी ढकलला, ऊस सांडला का, मुकादम काय बोलला. तेव्हापासून तिच्या शाळेत पेपरातली बातमी कोणाला सांगायची नसते, सगळ्यांना आपल्या आळीतलीच हवी असते. परिपाठ पहिल्या तासात घुसतो आणि मुख्याध्यापक व्हरांड्यातून तिला घड्याळ दाखवतात.