मोकळी टांच

बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास बर्फ ठाऊक आहे तो एकाच रूपानें, आणि तें रूप म्हणजे गारा. माघ-फाल्गुनांत गहूं ओंबीवर आलेला असतो, हरभऱ्याचे घाटे भरत आलेले असतात, आणि एखाद्या दुपारीं आभाळ काळेंनिळें होऊन पाव तासांत वर्षाचें पीक भुईसपाट होतें. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत विदर्भ-मराठवाड्यांत जी गारपीट झाली, ती अजून कोणी विसरलें नाहीं. अशा मुलखांत वाढलेल्या माणसानें बर्फावर खेळावयास जावें, तेंहि परदेशीं, तेंहि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, हें ऐकून पुष्कळांनीं कपाळाला हात लावला. आठवीच्या एका विद्यार्थ्यानें तर फोनवर मला सरळच विचारलें, "सर, पहिला नंबर येणारच नाहीं हें ठाऊक असतां शर्यतींत उतरतां कशाला?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, खरोखरीच्या जिज्ञासेचा होता. त्याला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. जें घडलें तें येथें सांगतों. उत्तर त्यांत असलें तर त्यानें तें शोधावें.

जाण्याचें निमित्त असें झालें. शिक्षकांच्या अदलाबदलीच्या एका योजनेंतून २०२४ च्या जानेवारीपासून तीन महिने नॉर्वे देशांतील टेलेमार्क प्रांतांतल्या एका लोकशाळेंत राहण्याचा योग आला. या लोकशाळा म्हणजे तिकडील एक विलक्षण संस्था आहे. नॉर्वेंतील पहिली लोकशाळा १८६४ सालीं हामार येथें निघाली. अठरा-वीस वर्षांचीं मुलेंमुली तेथें वर्षभर एकत्र राहतात, गातात, सुतारकाम शिकतात, डोंगर चढतात. परीक्षा नाहीं, गुण नाहींत, प्रगतिपुस्तक नाहीं! पालकवर्गास हें वाचून धडकी भरेल. मलाहि प्रथम भरली. तेथील विद्यार्थी शिक्षकांस नुसत्या नांवानें हांक मारतात. 'सर' हा शब्द कानीं पडे तो बुलढाण्याहून फोन आला म्हणजेच. सकाळीं मीं त्यांस हिंदुस्थानाविषयीं सांगावें, आणि दुपारीं त्यांनीं मला डोंगरावर न्यावें, असा आमचा परिपाठ ठरला.

बर्फावरून घसरण्याच्या लांब फळ्यांस स्की म्हणतात, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. २००३ सालीं मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यांत मीं चौदा दिवसांचें प्राथमिक शिक्षण घेतलें होतें. त्यामुळें हा प्राणी आपल्या ओळखीचा आहे अशा समजुतींत मी होतों. परंतु सोलंगला बूट पुढून व मागून फळीला घट्ट जखडलेला होता. टेलेमार्क पद्धतींत बूट केवळ चवड्यापाशीं धरलेला असतो. टांच मोकळी राहते व हवी तेव्हां वर उचलतां येते. वळण घेतांना एक पाय पुढें सरकतो, दुसरा मागें ओढला जातो, मागची टांच उचलली जाते, आणि मागचा गुडघा फळीला टेकण्याच्या बेतांत येतो. वीरासन घातलेल्या धनुर्धाऱ्याचें चित्र डोळ्यांपुढें आणावें, म्हणजे ही बैठक ध्यानांत येईल. पुढचें वळण आलें कीं पायांची अदलाबदल. शंभर वळणें म्हणजे शंभर बैठका, आणि त्याहि उतारावरून सुटलेल्या स्थितींत! प्रार्थनेमुळें गुडघे टेकण्याची संवय मला लहानपणापासून आहे. पण तेव्हां खालची जमीन जागच्या जागीं असते.

या पद्धतीचा जनक सोंद्रे नॉरहाइम. त्याची हकीकत मला फार आवडली, म्हणून थोडी विस्तारानें देतों. हा १८२५ सालीं मोर्गेदाल नांवाच्या खोऱ्यांत एका गरीब कुळाच्या झोंपडींत जन्मला. त्या काळीं फळीला केवळ चवड्याचा एक पट्टा असे. उडी मारली किंवा चटकन् वळलें कीं फळी पायांतून निसटे. नॉरहाइमनें झाडाच्या ओल्या लवचिक काटक्या पिळून त्यांचा वेढा टांचेमागून आणला. त्यामुळें पाय फळीवर पक्का राहिला, तरी टांच उचलण्याची मोकळीक कायम राहिली. फळीहि त्यानें कमरेंत किंचित् बारीक केली, म्हणजे ती सहज वळूं लागली. १८६८ सालीं राजधानी क्रिस्तियानिया (आजचें ऑस्लो) येथील शर्यतींत तो उतरला, आणि शहरी लोकांस थक्क करून त्यानें ती जिंकली. त्या वेळीं तो बेचाळीस वर्षांचा होता. हें बेचाळीस वाचतांच माझ्या मनाला किती उभारी आली, तें चाळिशी ओलांडलेल्या पालकांस सांगावयास नको.

पुढें १८८४ सालीं दारिद्र्यामुळें तो बायकोमुलांसह अमेरिकेस गेला, आणि १८९७ सालीं उत्तर डकोटांत वारला. तो प्रदेश सपाट मैदानाचा! उतारावरून वळण्याची कला जगाला देणाऱ्याच्या नशिबीं अखेरीस उतारच राहिला नाहीं. कित्येक वर्षें त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडहि नव्हता. तथापि १९५२ सालीं ऑस्लो येथें हिंवाळी ऑलिंपिक भरलें तेव्हां मशाल पेटविली ती मोर्गेदालच्या त्याच्या घरांतील चुलींत, आणि ९४ स्कीपटूंनीं ती हातोहात राजधानीस पोंचविली. त्याची टेलेमार्क पद्धत मात्र टांच जखडणाऱ्या नव्या साधनांपुढें मागें पडली. १९७० नंतरच्या काळांत अमेरिकेंतील कोलोराडोच्या कांहीं तरुणांनीं ती पुन्हां उचलली, आणि आज तिच्या जागतिक शर्यती होतात. ऑलिंपिकमध्यें मात्र तिला आजवर स्थान मिळालेलें नाहीं.

आतां थंडीविषयीं. आपलें बुलढाणें घाटावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच. आपण वऱ्हाडांतील थंड हवेचें ठिकाण म्हणून मिरवतों, आणि पारा दहा अंशांवर आला कीं कानटोप्या निघतात. मी पोंचलों त्या आठवड्यांत तेथें उणे चोवीस अंश होते. श्वास आंत घेतांना नाकांतील केस गोठून ताठ होतात; पापण्यांवर आपल्याच वाफेचें हींव जमतें; फोन खिशांतून काढला कीं पाहतां पाहतां मिटतो. मला वाटे, थंडी जितकी अधिक तितका बर्फ गुळगुळीत. वस्तुस्थिति उलट आहे. शून्याच्या आसपास फळीखालीं घर्षणानें पाण्याचा अतिसूक्ष्म थर तयार होतो व फळी सरसर धांवते. उणे वीसला तो थर नीट बनत नाहीं, हिमाचे कण तीक्ष्ण राहतात, आणि पूर्णेच्या वाळूंतून चालल्यासारखी फळी अडखळते. म्हणून उष्णतामानाप्रमाणें निरनिराळें मेण फळीला घांसावें लागतें. आमच्या वसतिगृहाच्या तळघरांत रोज रात्रीं मुलें इस्त्रीनें मेण वितळवीत बसत. विज्ञानाचे इतके तास मीं वर्गांत घेतले, पण घर्षणाचा पाठ इतक्या तन्मयतेनें ऐकणारा वर्ग मला दुसरा मिळाला नाहीं.

त्याहून एक गोष्ट मनावर फार ठसली. अशा थंडींत आपलें तोंड आपणांस कळत नाहीं. गालाला किंवा नाकाच्या शेंड्याला हिमदंश होऊं लागला कीं तेथें पांढरा डाग उमटतो, आणि दुखणें थांबतें; दुखणें थांबलें म्हणून माणूस निश्चिंत होतो, आणि तोच खरा धोका. तेव्हां दोघे-दोघे जोडीनें उभे राहून दर थोड्या वेळानें एकमेकांचीं तोंडें पाहतात. एके दिवशीं एकोणीस वर्षांच्या एका मुलीनें कांहीं न बोलतां हातमोजा काढला आणि आपला उघडा तळवा माझ्या गालावर ठेवला. मी चमकलों, आपल्याकडे असें कोणी करणार नाहीं. "पांढरा पडला आहे," एवढेंच ती म्हणाली, आणि गालाला रंग येईपर्यंत तिनें हात काढला नाहीं. असा भाग चोळावयाचा नसतो, त्यावर बर्फ तर मुळींच घांसावयाचा नसतो. केवळ ऊब द्यावयाची असते.

फेब्रुवारींत गांवच्या क्लबाची टेलेमार्क शर्यत होती, आणि शाळेंतील सगळ्यांनीं नांवें दिलीं, मींहि दिलें. या शर्यतींत झेंड्यांच्या दारांमधून नागमोडी उतरावयाचें, मध्यें एक उडी घ्यावयाची, एका ठिकाणीं पूर्ण गिरकीचा वळसा घ्यावयाचा, आणि शेवटीं सपाटीवर व चढावर फळ्या फांकून धांवावयाचें. घड्याळ तर असतेंच. पण प्रत्येक दारापाशीं पंच उभा असतो. वळतांना दोन पायांत निदान एका बुटाचें अंतर पडलें नाहीं, अथवा मागची टांच उचललेली नाहीं, असें त्याला दिसलें कीं वेळेंत एक सेकंद दंडाचा मिळविला जातो. उडी रेषेपलीकडे गेली नाहीं तर याहून अधिक. म्हणजे भराभर उतरणें पुरेसें नाहीं; प्रत्येक वळणावर गुडघा वांकवून उतरावें लागतें, आणि दमलेला गुडघाच आधीं लबाडी करूं पाहतो. आम्हांस शिकविणाऱ्या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. त्या म्हणत, "पंच डोंगरावर मोजकेच असतात, तुम्ही मात्र प्रत्येक दारापाशीं असतां."

शर्यतीच्या आदल्या रात्रीं दादांचा फोन आला. आमची थोडी शेती चिखली तालुक्यांत आहे. थोरले बंधु ती पाहतात. "गारा पडल्या रे," ते म्हणाले. "हरभरा निजला. गव्हाचें उद्यां उजाडल्यावर कळेल." क्षणभर थांबून त्यांनीं विचारलें, "तुमच्याकडे किती बर्फ आहे?" मीं सांगितलें, कमरेइतका. ते हंसले. तें हंसणें कसें होतें, तें लिहून दाखवितां येणार नाहीं.

मला रात्रभर झोंप लागली नाहीं. जें घरीं पीक झोडपून जातें, त्याच्यावर येथें मेण घांसून खेळ मांडावा, हें मनाला रुचेना. सकाळीं नांव मागें घ्यावें, असें ठरवून मी बाईंकडे गेलों आणि सर्व सांगितलें. त्यांनीं समजूत घातली नाहीं. त्यांचे आजोबा याच डोंगरावर मेंढरें पाळीत. एका वर्षीं उशिरा आलेल्या हिमवादळांत कळप गेला, एवढें त्या बोलल्या, आणि माझा क्रमांकाचा अंगरखा मेजावर ठेवून बाहेर गेल्या. मी तेथें बराच वेळ बसलों. पुन्हां दादांस फोन लावला. ते शेतांत होते. "तूं तिथें बसून राहिलास म्हणून इथला हरभरा उभा राहणार आहे का?" ते खेंकसले. "जा. आणि पोरांना सांगण्यासारखें कांहीं करून ये."

सकाळीं नऊ वाजतां पारा उणे बावीसवर होता. लांब पल्ल्याच्या स्कीशर्यतींत उणे वीसच्या खालीं स्पर्धा पुढें ढकलण्याचा किंवा रद्द करण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. क्लबानेंहि तोच दंडक लावला, आणि अकरा वाजतां, उणे सोळा झाल्यावर, झेंडा पडला. चौतीस स्पर्धक होते. सर्वांत लहान दहा वर्षांचा, सर्वांत वडील एकाहत्तर वर्षांचे. माझी पाळी आली तेव्हां मला शैलजा कुमार आठवल्या. १९८८ सालीं कॅल्गरीच्या हिंवाळी ऑलिंपिकमध्यें उतरलेली ती पहिली भारतीय स्त्री. स्लालोममध्यें अठ्ठाविसावी आली. बेजिंगला २०२२ सालीं आपल्या देशाचा एकटा खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. मोठ्या स्लालोममध्यें कितीएक नामांकित खेळाडू मध्येंच बाद झाले असतां तो पंचेचाळिसावा आला, म्हणजे खालपर्यंत पोंचला. या दोघांनाहि माझ्या विद्यार्थ्याचा तो प्रश्न कोणीतरी विचारलाच असेल.

उताराविषयीं फारसें सांगतां येत नाहीं, कारण फारसें दिसलें नाहीं. पहिलीं सहा दारें ठीक गेलीं. उडीनंतर पाय थरथरूं लागले. दहाव्या दारापासून मांड्यांत असा जाळ उठला कीं टांच खालीं टेकवावी, सरळ उभें राहावें आणि दंड पडेल तो पडो, असें वाटूं लागलें. तसें केलें असतें तर वेग वाढलाच असता. प्रत्येक वळणाला मीं मोठ्यानें मराठींत आंकडे मोजले. तेराव्या दाराचा पंच म्हातारा होता. त्याला ती काय प्रार्थना वाटली कोण जाणे, त्यानें टोपी काढली. शेवटच्या चढावर दहा वर्षांचा तो मुलगा आपली शर्यत आटोपून माझ्या बाजूनें पळत ओरडत होता. त्याचें काय चाललें होतें तें कळलें नाहीं, पण त्याच्या ओरडण्यावरच मी वर आलों.

एकतिसावा आलों. माझ्यामागें तीन होते. त्यांतील एकाची फळी बांधण्याची तार तुटली होती. दंडाचे सेकंद सात. अठरा दारांपैकीं अकरा निष्कलंक. तो कागद मीं जपून आणला आहे आणि शाळेच्या सूचनाफलकावर लावला आहे. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यानें तो दोनदां वाचलेला मीं पाहिला आहे.

त्याच रात्रीं दादांस सर्व हकीकत सांगितली. "सात दंड? मग पैसे किती भरावे लागले?" त्यांनीं काळजीनें विचारलें. सेकंदांचा दंड म्हणजे काय, हें समजावितां समजावितां मला हंसूं आलें, मग त्यांनाहि आलें. गहूं निम्मा वांचला होता. तलाठी दुपारीं पंचनामा करून गेला होता. कागदावर किती टक्के नुकसान लिहिलें, तें कळावयाचें होतें.