पॅरिसहून आलेलं टिपण



१९७१ च्या युद्धाचा विषय निघाला की आपल्या घरांतून लेफ्टनंट जनरल जेकब यांचं नाव हमखास येतं. ते कलकत्त्याचे बगदादी ज्यू, पण अभिमान आपल्यालाही. आज मात्र एका राजदूताबद्दल लिहिते. ते ज्यू नव्हते, पण त्यांची गोष्ट आपल्याला जवळची आहे.

डी. एन. चॅटर्जी तेव्हा फ्रान्समध्ये भारताचे राजदूत होते. ६ जुलै १९७१ रोजी त्यांनी परराष्ट्र मंत्रालयाला लिहिलं, की प्रचार, पैसा, शस्त्रं आणि तेल यांसाठी इस्राएलची मदत फार मोलाची ठरेल. असं लिहायला धाडस लागत होतं. भारताने १९५० मध्ये इस्राएलला मान्यता दिली होती, मुंबईत त्यांचं कॉन्सुलेटही होतं, पण दिल्लीत इस्राएलचा राजदूत नव्हता. १९६७ च्या युद्धात तर भारत उघडपणे अरब देशांच्या बाजूने उभा राहिला होता.

तरीही इंदिरा गांधींनी ती सूचना मानली. इस्राएलकडेच शस्त्रांचा तुटवडा होता, पण गोल्डा मायर यांनी इराणला जाणारा माल भारताकडे वळवला आणि बदल्यात राजनैतिक संबंधांची अपेक्षा कळवली. इतिहासकार श्रीनाथ राघवन यांनी पी. एन. हक्सर यांच्या कागदपत्रांतून हे २०१३ मध्ये पुढे आणलं.

ही शस्त्रं आली म्हणून युद्ध जिंकलं, असं कुणी म्हणू नये. भारताला मोठा आधार सोव्हिएत रशियाचा होता आणि लढले ते जवान व मुक्तिवाहिनी. पण मी आयुष्यभर वॉर्डात काम केलं आहे. औषध बदलायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. रात्रपाळीच्या सिस्टरने केस पेपरवर नीट लिहून ठेवलं, तरच सकाळी त्यांना ठरवता येतं. चॅटर्जींनी तेच केलं.

त्या डिसेंबरात भायखळ्याच्या आमच्या खोलीत आई खिडक्यांना काळे कागद चिकटवत होती. माझे मामा बीरशेबाला गेलेले. शाळेत मुली विचारायच्या, "तुम्ही नक्की कुठले गं?" मामांच्या देशाकडून आमच्या देशाला गुपचूप मदत येते आहे, हे आम्हाला ठाऊक असतं तर उत्तर देताना मान खाली गेली नसती.

गोल्डाबाईंची अपेक्षा पुरी व्हायला २९ जानेवारी १९९२ उजाडला. त्या १९७८ मध्येच वारल्या होत्या. अरब देशांचं तेल, घरचं राजकारण, भारताकडे कारणं होती. पण अडचणीत घेतलेली मदत वीस वर्षं उघडपणे मान्य झाली नाही, हेही खरं.

इथे एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर आजही कुणीतरी विचारतं, भारतीय आणि ज्यू, दोन्ही कसं काय? आपल्या नातवंडांना हे टिपण सांगून ठेवा. उत्तर त्यांचं ती देतील.

शालोम.