फोडणीचा धूर आणि फळ्यांची भिंत

चि. भाचीबाईंस,


तुझ्या वुस्टरच्या घराचे फोटो पाहिले. स्वयंपाकघर ऐसपैस आहे, पण शेगडीवरचा हूड धूर ओढतो आणि जाळीतून गाळून पुन्हा घरातच सोडतो. मिरचीची फोडणी पडली की माडीवरच्या माणसालाही ठसका लागणार. तेव्हा भिंतीतून धूर बाहेर काढायचा तुझा बेत योग्यच आहे. फक्त बाहेरची भिंत लाकडी फळ्यांची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या फळ्या मंगलोरी कौलांसारख्या रचलेल्या असतात; वरची खालचीवर चढलेली, म्हणजे पाणी ओघळून निघून जातं. व्हेंटची टोपी थेट त्यांच्यावर ठेवून स्क्रू पिळले, तर तिची सपाट कड आणि पायऱ्यापायऱ्यांची भिंत यांच्यात पाचरीसारख्या फटी राहतात. मग माणूस सिलिकॉनची नळी उचलतो. काम झाल्यासारखं दिसतं खरं. पण लाकूड फुगतं, आकसतं, सिलिकॉन एका बाजूने सुटतं आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. लाकूड कुजतं ते इथेच.

म्हणून टोपीखाली सपाट ठोकळा हवा. आतून भोकाचा मध्यबिंदू ठरव. भिंतीतले खांब बहुधा 16 इंचांवर असतात, म्हणजे मधली जागा साडेचौदा इंचांची. 6 इंची डक्ट खांब न कापता सहज बसतो. पण जुन्या घराचा भरवसा धरू नकोस. प्लास्टर जपून उघड, वायर किंवा पाइप नाही ना ते डोळ्यांनी बघ, मगच लांब ड्रिल आरपार घाल. मोठं भोक बाहेरून पाड. आतून पाडलंस तर फळीच्या चिरफळ्या उडतात.

मग ठोकळ्याच्या मापाचा चौकोन फक्त फळ्यांच्या जाडीइतका काप. करवतीची खोली आधी बेतून घे, आतला डांबरी कागद फाटता कामा नये. कापलेल्या टोकांना लगेच प्रायमर लाव, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते टोकाकडून. ठोकळ्याच्या माथ्यावर पत्र्याची घडी बसव. तिची उभी कड वरच्या फळीच्या आणि कागदाच्याही मागे सरकव, पुढची कड ठोकळ्यावरून किंचित खाली वाकव. दोन्ही बाजूंच्या सांध्यांना सीलंट चालेल. खालची कड मात्र मोकळी सोड. चुकून आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर येतं. खालूनही बुजवलेलं काम नीटनेटकं दिसतं, पण ते नीटनेटकं डबकं असतं.

डक्ट गुळगुळीत पत्र्याचाच घे. वळ्यावळ्यांच्या लवचिक नळीत तेलकटपणा साचतो आणि तो पेट घेऊ शकतो. सांध्यांवर धातूची चिकटपट्टी लाव, कापडी नको. डक्टला बाहेरच्या बाजूला थोडा उतार दे, म्हणजे थंडीत आत जमलेलं पाणी शेगडीवर टपकणार नाही. टोपीला उलट वारा अडवणारी झडप हवी.

घर 1978 च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती वापराच्या शिशाच्या रंगावर बंदी आली. रंग कोरडा घासू नकोस, खाली प्लास्टिक अंथर, चांगला मास्क लाव आणि पोरांना त्या दिवशी दुसरीकडे पाठव.

आता पंख्याचं. दुकानात जास्त ताकदीचा हूड गळ्यात मारतील. मिनिटाला 400 घनफुटांहून जास्त हवा ओढणारा असेल, तर तेवढी हवा आत यायची सोय करावी लागते. एरवी तळघरातल्या गॅसच्या गीझरचा धूर धुराड्यातून उलटा घरात ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हूड बसला की दारं-खिडक्या लाव, पंखा पूर्ण वेगात सोड, गीझर पेटव आणि थोड्या वेळाने त्याच्या धुराड्याच्या तोंडाशी उदबत्ती धर. धूर आत ओढला गेला तर ठीक, बाहेर ढकलला गेला तर दोन्ही बंद करून माणूस बोलाव. डिटेक्टर तर हवाच.

तेव्हा आधी या कामाचं परमिट, मग भिंत, मग डक्ट, आणि हूडची खरेदी सगळ्यांत शेवटी. भिंतीची जाडी मोजून कळव, ठोकळा मी इथे रंधून कुरिअरने पाठवतो. मामी तुला आशीर्वाद सांगते.

तुझा,
मामा