मोत्याची शाळा

तळगडाच्या पायथ्याशी आमचे घर. तेथे मोत्यास दोरी कशी ती ठाऊक नव्हती. परंतु कन्येच्या बाळंतपणानिमित्त आम्हां उभयतांस तीन महिने पुण्यास राहणे प्राप्त झाले, तेव्हा दिवसा त्यास कुत्र्यांच्या पाळणाघरी ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तेथील अटी दोनच: रेबीजची लस टोचलेली असावी, आणि हाकेसरशी कुत्र्याने यावे.

लस टोचून झाली. हाकेचे काम मात्र बिकट! आम्ही ‘बस’ म्हणावे, सौभाग्यवतींनी ‘खाली बैस’ म्हणावे, शेजारच्या मुलाने ‘सिट’ म्हणावे. बिचाऱ्याने ऐकावे तरी कोणाचे? अखेर एका कामास एकच शब्द ठरला. तो बसला रे बसला, की तांदळाच्या भाकरीचा तुकडा तत्काळ तोंडाशी. विलंब झाल्यास बक्षीस कशाचे, हे त्यास उमगत नसे. धडा पाचच मिनिटांचा.

एकदा तो हाकेस उशिरा आला म्हणून आम्ही त्यास दटावले. पुढे चार दिवस हाक ऐकताच तो दूर उभा राही. येण्याचे फळ दटावणी, एवढेच तो आमच्याकडून शिकला होता!

मग ओटीवर त्यास एकटे ठेवण्याचा अभ्यास: प्रथम एक मिनिट, मग पाच, मग अर्धा तास. सौभाग्यवती फाटकापासून दोनदा परत आल्या.

ताम्हिणी घाट चढून पुण्यास पोहोचलो. पाळणाघराच्या दारी मोत्या शेपूट हलवीत आत गेला. एकदाही मागे वळून पाहिले नाही. सौभाग्यवतींस त्याचा जरा रागच आला.